सुपारी फुटली तरी साइटवर

नाशिकरोडला आमच्या सरांचं वधूवर सूचक केंद्र होतं. सायखेड्याच्या शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं, आणि मी बीएस्सी होताच केंद्रातल्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती. आई गावभर सांगायची, ‘‘पोरगा लग्नं जमवतो, तीबी इंटरनेटवर.’’ माझं स्वतःचं जमत नव्हतं, तेवढं वगळायची. सरांचे उपकार मात्र मी आजही विसरलेलो नाही.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. केंद्राची साइट रविवारी हमखास बंद पडायची. सुट्टीला अर्धा जिल्हा मुली बघायला बसे, शिवाय कुठले तरी परदेशी चोरटे नोंदणीच्या फॉर्ममध्ये टक्कल घालवायच्या गोळ्यांच्या जाहिराती भरून जात.

‘‘गिऱ्हाईक बरोबर हेरलंय,’’ सर म्हणाले.

मी एक सेवा शोधली. ती आपल्या साइटपुढे उभी राहते, चोरट्यांना दारातच अडवते आणि चित्रांच्या प्रती स्वतःकडे ठेवून येणाऱ्याला तिथूनच दाखवते. त्यासाठी डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे आपली साइट कुठे आहे ते लोकांच्या कॉम्प्युटरना सांगणारे पाटीवाले, बदलायचे होते. शुक्रवारी मी देवाचं नाव घेऊन ते बदलले. बदल सगळीकडे पोचायला दोन दिवस लागतात, असं सरांना सांगितलं.

‘‘लागू देत. पत्रिकांनाही लागतात,’’ ते म्हणाले.

शनिवारी एकलहऱ्याची मुलगी आणि निफाडचा मुलगा यांची सुपारी फुटली. अशा वेळी सरांची एक पद्धत होती. मराठी अक्षरं लोकांच्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन दिसत, म्हणून आमच्याकडे अख्खा बायोडाटा म्हणजे फोटोसकट एक चित्र असे. लग्न ठरलं की सर त्याच फाइलच्या नावाने गणपतीचं चित्र चढवत, खाली ‘शुभमंगल’. दोघांचीही चित्रं त्यांनी बदलली, स्वतः उघडून पाहिली आणि पेढे खायला गेले.

रविवारी सकाळी मुलाचे काका दारात हजर. मागोमाग मुलीचे वडील आणि आत्या.

‘‘मास्तर,’’ काका म्हणाले, ‘‘काल पेढे खाल्ले, आन पोरगी अजून दुकानात कशी? माझ्या धाकट्या पुतण्यानं निफाडच्या नेटकॅफेत साइटवर बघितली. मोबाइल नंबरासकट!’’

मुलीचे वडील पांढरे पडले. ‘‘सकाळपासून फोन येताहेत, मला वाटलं अभिनंदनाचे.’’

‘‘आमाला लग्न मोडायचं नाय,’’ काका म्हणाले, ‘‘पण अजून चांगलं स्थळ बघायचं आसंल तर तसं सांगा.’’

सरांनी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर गणपती. काकांनी नमस्कार केला आणि म्हणाले, ‘‘हितं हाय. निफाडात नाय.’’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या कनेक्शनला बदल अजून कळलाच नव्हता, म्हणून आम्हाला थेट साइट दिसत होती. निफाडला मात्र ती सेवा पुढे आली होती. चित्राचं नाव तेच, म्हणून ती बिचारी इमानाने जुनीच प्रत दाखवत होती. हे मी समजावून सांगितलं. काकांनी माझ्याकडे, टक्कल घालवायच्या गोळ्या विकणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

आत्या म्हणाली, ‘‘पुतण्याला फोन लावा. म्हणावं, आपल्या नवरदेवाचं पान उघड.’’

काकांनी फोन लावला. स्पीकरवर पुतण्याचा आवाज आला, ‘‘हाय की काका, दादाचा बायोडाटा. ‘अनुरूप वधू पाहिजे’ लिवलंय.’’

‘‘बाई गं!’’ आत्या म्हणाली. ‘‘आणखी कितव्या वधूची सोय चाललीय?’’

मुलीच्या वडिलांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रक्त दिसलं. काका घाईने म्हणाले, ‘‘बरं बरं, मशीनचीच चूक दिसती. पुसा आता. आधी पोरीचं.’’

‘‘आधी मुलाचं,’’ आत्या म्हणाली.

‘‘वरपक्षाचा मान आसतो, बाई.’’

‘‘म्हणूनच तर. मानाने पुसा आधी.’’

सर माझ्याकडे बघत होते. एकेक प्रत पुसायची सोय होती, पण मी ‘सगळं पुसा’ दाबलं. प्रती गेल्यामुळे त्या दिवशी जिल्ह्यातल्या सगळ्या उपवरांचे फोटो गोगलगायीसारखे उघडले, आणि टोमणे दिवसभर फोनवर मीच खाल्ले.

काकांनी पुतण्याला दोन्ही पानं पुन्हा उघडायला लावली.

‘‘पोरीच्या पानावर गणपती,’’ तो म्हणाला. मग दुसरं पान उघडून, ‘‘दादाच्याबी.’’

काकांनी फोन खिशात घातला आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, ‘‘चला व्याही, हॉलचं बघून येऊ.’’