पोटातला दुसरा तांडेल

तारापूरजवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर माझ्या मामांच्या हुकुमाशिवाय भरती येते, ती केवळ समुद्राला शिस्त नाही म्हणून. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, मासेमारी बोटीचे तांडेल, कप्तानच म्हणा. वायरलेसवर ते स्वतःच्या बोटीला कमी आणि दुसऱ्यांच्या बोटींना जास्त ओरडतात. लग्नात भटजींना "आता आवरा" म्हणतात. बोईसरला रिक्षात बसले की रिक्षावाल्याला रस्ता शिकवतात. एकदा तो वैतागून म्हणाला, "चाचा, आप ही चला लो." मामा खरंच उठले, पण पोट सीटपुढच्या लोखंडी दांड्याला अडकलं. ते पोट! पत्ते खेळताना चहाची बशी त्याच्यावर ठेवतात आणि मामी डोळे वटारते तेव्हा फुशारकीने सांगतात, "कमावलेलं हाय! पडून हाय बिचारं, कोणाला तरास देतं?"

या 'पडून हाय'चा मला संताप येतो. त्याहून मोठा संताप त्यांच्या डॉक्टरचा. इतकी वर्षं रक्तदाब वाढलेला दिसतोय, आणि हा पोटाकडे बघून हसतो, "तोंडाला कुलूप लावा" म्हणतो, लघवी एकदाही तपासत नाही. जाड माणसाला लाजवलं की उपचार झाला, हे यांना शिकवलं कोणी? मी शिरगावपासून तारापूरपर्यंत आरोग्याची पत्रकं वाटत फिरते, आणि घरात ही तऱ्हा! गावात आम्ही लघवी तपासणीचं शिबिर लावलं, तर मामा म्हणाले, "तांडेल काय बाटली धरून बायांच्या रांगेत उभा ऱ्हाणार?"

मग मी ओट्यावरच सुनावलं. "मामा, पोटातली चरबी पडून नसते. ती रक्तातून सारखे निरोप धाडते. मूत्रपिंडाला सांगते, मीठ सोडू नकोस, धरून ठेव. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इतकं चिडवते की त्या सैल व्हायचं विसरतात. नसांना शांत ठेवणारे चांगले निरोप मात्र चरबी वाढली की कमी होतात. दाब चढतो, मूत्रपिंडातल्या बारीक चाळण्या आधी मरमर राबतात आणि मग फाटतात."

मामांच्या मिशा थरथरल्या. "म्हंजे माज्या अंगात दुसराच कोण हुकूम सोडतो, नि मला ठाव नाय?"

"दिवसरात्र."

"नि ते मूत्रपिंड ऐकतं कशाला त्याचं? येडं हाय काय?"

"तुमच्या ओरडण्यापुढे खलाशी काय करतात?" मी विचारलं. मामी पदर तोंडाला लावून म्हणाली, "गुमान ऐकतात, दुसरं काय!"

मामा बाटली घेऊन तरातरा निघाले. शिबिरात पोचले आणि आधी रांग सरळ करायला लागले.

लघवीतून प्रथिनं जात होती, म्हणजे चाळण्या झिजू लागल्या होत्या. शिबिरातल्या डॉक्टरबाई हसल्या नाहीत, कुलपाचं बोलल्या नाहीत. मामांनी हळूच विचारलं, "बाई, गेलं ते परत येतं का?"

"झिजलेलं भरून येईल असं नाही सांगत, काका. पण उरलेलं राखता येईल. गोळ्या, मीठ कमी, वजन हळूहळू खाली."

आता मामी ताज्या बोंबलाचं कालवण जवळजवळ अळणी करते. परवा मी समोर बसले होते. मामांनी घास तोंडात बराच वेळ घोळवला, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झ्याक झालंय गो." मामीने त्यांना आणखी वाढलं.