साडेचार फुटांची भिंत

"या दारात उभं राहिलं की मला शेवटची खाट दिसली पाहिजे," सरोजम्मा म्हणाल्या. "दिसणार नसेल तर हे कपाट परत न्या."

कपाट म्हणजे आमचं सॅम्पल. सात फूट उंच, दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेलं. सकाळीच लॉरीतून आणून हॉलच्या मधोमध उभं केलं होतं. मला ते फार देखणं वाटत होतं. सरोजम्मांनी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. त्या कपाटाच्या पलीकडे काय दिसत नाही, तेवढंच बघत होत्या.

सरोजम्मा नोकरी करणाऱ्या मुलींच्या हॉस्टेलच्या वॉर्डन. हॉस्टेल म्हणजे यशवंतपूरचं एक जुनं गोदाम. दुसऱ्या महायुद्धात लष्कराचं सामान ठेवायला बांधलेलं. उंच कौलारू छप्पर, दोन्ही बाजूंना खिडक्यांची रांग, आणि मध्ये एकही भिंत नाही. रेडिओचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यानं ते भाड्यानं घेतलं होतं आणि आपल्या मुलींच्या खाटा तिथे दोन ओळींत मांडल्या होत्या. हासन, शिमोगा, बेळगाव, कुठून कुठून आलेल्या मुली. घर सोडून नोकरीला येणारी त्यांच्या घरातली ही पहिलीच पिढी.

तो साठच्या दशकाच्या सुरुवातीचा काळ. मी मुंबईत इंटिरियर डेकोरेशनचा डिप्लोमा करून, लग्न होऊन बंगळूरला आले होते. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. मी शंकरराव साळुंक्यांच्या फर्निचर वर्कशॉपमध्ये डिझायनर. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे मराठी बोलता बोलता कधी कन्नडमध्ये शिरतील याचा नेम नसे.

काम सांगायला आले होते कारखान्याचे पर्सोनेल ऑफिसर राजगोपाल. अडचण त्यांनी थोडक्यात सांगितली. कारखाना दोन शिफ्टमध्ये चालायचा. एकीची उठायची वेळ ती दुसरीची गाढ झोपेची. दिवा, भांडणं, ट्रंका उघडल्याचे आवाज. मुली नोकरी सोडून चालल्या होत्या. भिंत बांधायला मालकाची परवानगी नव्हती. पडदे लावून झाले, वाऱ्यानं ते सगळे एका बाजूला गोळा होत.

"महिनाअखेरपर्यंत काही जमलं तर ठीक," राजगोपाल म्हणाले, "नाहीतर वरचे लोक हॉस्टेल बंद करणार. मुलींनी आपापली सोय बघावी."

आपापली सोय म्हणजे काय ते आम्हाला कळत होतं. बहुतेकींचे वडील पुढच्याच गाडीनं येऊन मुलीला घरी घेऊन गेले असते.

मी म्हटलं, "जमेल." मला खात्रीच होती. भिंत बांधता येत नसेल तर फर्निचरचीच भिंत करायची. कपाटं पाठीला पाठ लावून उभी केली की खोल्या तयार. हलवता येतात, जमिनीला भोक पाडावं लागत नाही. आता याला मॉड्युलर म्हणतात. आम्ही नुसतं 'युनिट' म्हणायचो.

पण सात फुटांचं युनिट सरोजम्मांच्या दारात अडलं. आणि खरं सांगायचं तर हॉललाही ते मानवलं नव्हतं. त्याच्या मागची खाट काळोखात गेली आणि खिडकीचा वारा अडला. शिवाय धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून गोदामाची फरशी एका बाजूला उतरती केलेली होती. हात लागला की कपाट डुलायचं.

अण्णांनी ते एकदा हलवून बघितलं. "बाई, हे कोणाच्या तरी अंगावर पडणार. चला, स्वल्प विचार करू या."

मी विचार करायला वर्कशॉपमध्ये गेले नाही, हॉस्टेलमध्येच थांबले. आधी सरोजम्मांशी बोलले. साठीला टेकलेल्या, विधवा, पूर्वी शाळेत शिकवत. कन्नड आणि इंग्रजी मिसळून बोलायच्या.

"तुम्हाला मी जेलर वाटत असेन," त्या म्हणाल्या. "पण मुलीला इथे सोडताना तिचा बाप कारखान्याशी बोलत नाही, माझ्याशी बोलतो. मी प्रत्येकाला सांगितलंय, तुमची मुलगी माझ्या नजरेसमोर असेल. मागच्या वर्षी एकीला ताप चढला. ती कोणाला काही बोलली नाही. पांघरूण थरथरताना मला या दारातून दिसलं. मध्ये तुमचं कपाट असतं तर?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. डिझायनरला हे अवघड जातं. समोरचा हटवादी असेल तर पटवता येतं, बरोबर असेल तर ड्रॉइंगच बदलावं लागतं.

मग मुलींकडे गेले. बेळगावची इंदू मराठीत बोलायला मिळालं म्हणून खूश झाली. कारखान्यात ती जुळणीच्या लाइनवर होती. मी विचारलं, "तुम्हाला खोली कशी हवी?"

"खोली नको हो ताई. बंद खोलीत एकटीला भ्या वाटतंय."

"मग काय हवं?"

ती जरा घुटमळली. "कपडे बदलायला जागा पाहिजे. आणि रडायला. आता रडायचं म्हटलं तर न्हाणीत जावं लागतंय, आणि तिथं रांग असतीय."

बाकीच्या मुली हसल्या. इंदूही हसली. पण मला माझं माप तिथेच मिळालं. मी तिला उभी केली, मग खाटेवर बसवली, आणि दोन्ही वेळा टेप लावला. साडेचार फूट. एवढ्या उंचीच्या आडोशामागे मुलगी उभी असली तर तिचे डोळे दिसतात. खाटेवर बसली की ती दिसेनाशी होते. वरून उजेड आणि वारा खेळता राहतो.

वर्कशॉपमध्ये परत आल्यावर ड्रॉइंग नव्यानं काढलं. मोठं कपाट रद्द. त्याऐवजी एकाच मापाच्या पेट्या, दोन एकावर एक ठेवल्या की साडेचार फूट. एका पेटीचं तोंड या खाटेकडे, शेजारच्या पेटीचं त्या खाटेकडे. म्हणजे जे एकीचं कपाट, त्याचीच पाठ दुसरीची भिंत. पेट्या सरळ ओळीत न लावता काटकोनात लावल्या, कारण सरळ रांग ढकलली की पडते, काटकोन स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. पेट्या एकमेकींना बोल्टनं जोडल्या. फरशीच्या उतारासाठी खाली स्क्रूचे पाय दिले. फिरवले की तेवढा कोपरा वर-खाली होतो. लाकूड सिल्व्हर ओक. कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी ही झाडं लावतात, त्यामुळे आमच्याकडे ते सहज मिळायचं.

प्रत्येक खाटेला तीन बाजूंनी आडोसा. चौथी, पायाकडची बाजू मधल्या वाटेकडे उघडी; फक्त काटकोनातल्या एका पेटीच्या आड कपडे बदलण्यापुरता कोपरा.

"वॉर्डन काय म्हणतील?" अण्णांनी विचारलं.

"त्या दारातून बघणार नाहीत. वाटेनं एक फेरी मारतील. प्रत्येक मुलगी दिसेल."

"म्हणजे त्यांना चालवणार तुम्ही. सरी, चालेल. त्यांना पटलं तर ठीक, नाही पटलं तर तुम्हीच बोला. मी लॉरीत बसतो."

दोन खाटांपुरतं नवं सॅम्पल घेऊन आम्ही गेलो. राजगोपालही आले. इंदू एका खाटेवर आडवी झाली. सरोजम्मा दारात उभ्या राहिल्या.

"दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"वाटेनं चालत या," मी म्हटलं.

त्या आल्या. इंदू दिसली. परत दारात गेल्या. "इथून दिसत नाही. मुलींना पसंत असेल, पण जबाबदारी माझी आहे."

राजगोपालांनी फाइल बंद केली. "मॅडम, वॉर्डनची ना असेल तर मी वर काही सांगू शकत नाही."

इंदू उठून बसली होती. तिचा चेहरा उतरला. मला मात्र अजूनही वाटत होतं की डिझाइन बरोबर आहे, आणि बरोबर असलेली गोष्ट नुसती सांगून पटत नसेल तर वापरून बघायला द्यावी.

"सरोजम्मा," मी म्हटलं, "नाही म्हणा, पण एकदा स्वतः पडून बघा. मग आम्ही सामान उचलतो."

त्यांना ते विचित्र वाटलं असावं. तरी त्यांनी चपला काढल्या, आत गेल्या, खाटेवर बसल्या आणि आडव्या झाल्या. आम्ही बाजूला सरलो.

त्या लगेच उठल्या नाहीत. राजगोपालांनी घड्याळ बघितलं. "मॅडम?" म्हणून ते पुढे झाले, तर इंदूनं हात आडवा केला.

"सर, थांबा थोडं."

अखेर सरोजम्मा उठल्या. पदर सारखा करून बाहेर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"माझी खाट कुठे आहे माहीत आहे तुम्हाला?"

माहीत होती. दाराच्या डाव्या हाताला. माझ्या ड्रॉइंगमध्ये मी तिथे एक चौकोन काढून 'वॉर्डन' लिहिलं होतं आणि पुढे गेले होते. येणारी-जाणारी प्रत्येक मुलगी, दूधवाली, झाडूवाली, सगळे त्या खाटेजवळून जायचे.

"मी सगळ्यांच्या आधी अंधारात उठते," त्या म्हणाल्या. "मुलींना वाटतं शिस्त. शिस्त कसली? कोणी उठायच्या आत साडी बदलायची असते."

राजगोपाल खिडकीकडे बघायला लागले.

"माझ्या खाटेलाही हे करा," सरोजम्मा म्हणाल्या. "फेरी मी मारीन. झोपण्याआधी एक, मधे जाग आली तर आणखी एक. पण पायाकडच्या बाजूला कोणी पडदा लावायचा नाही. हे मुलींना मी सांगते."

"सरी," दारातून अण्णांचा आवाज आला. ते लॉरीत बसलेच नव्हते.

महिनाअखेरच्या आत सगळ्या पेट्या उभ्या राहिल्या. हॉस्टेल बंद झालं नाही. सरोजम्मांचा आडोसा मी हातभर जास्त रुंद काढला. त्यांनी ते ओळखलं, पण बोलल्या नाहीत.

काही आठवड्यांनी मी बघायला गेले, तर माझं ड्रॉइंग कुठे ओळखूच येईना. या मुली दिवसभर कारखान्यात बोल्ट आवळणाऱ्या. त्यांनी पाने-स्पॅनर आणून पेट्या सोडवल्या होत्या आणि आपल्याला हव्या तशा लावल्या होत्या. दोन मैत्रिणींनी मधली पेटी काढून टाकली होती. दुसऱ्या दोघी भांडल्या होत्या, त्यांच्यामध्ये पेट्यांची दुहेरी ओळ होती. एकीनं आडवी पेटी ठेवून अभ्यासाचं टेबल केलं होतं. ती बाहेरून परीक्षा देणार होती. मी सरोजम्मांना विचारलं, "तुम्ही हे चालू दिलंत?"

"प्लॅन तुमचा होता," त्या म्हणाल्या, "हॉल त्यांचा आहे. आणि मी फेरी मारते ना."

त्यानंतर मी तीसेक वर्षं या धंद्यात होते. जयनगरच्या मोठ्या हॉलांपासून ऑफिसर लोकांच्या क्वार्टर्सपर्यंत पुष्कळ पार्टिशनं केली. क्लायंट आला की तो कुठे आडोसा हवा ते सांगायचा. मी ते लिहून घ्यायचे आणि विचारायचे, "घरात याला नको कोण म्हणतंय?" मग टेप घेऊन आधी त्या माणसाची झोपायची जागा बघायला जायचे. निम्म्या वेळा तरी प्लॅन तिथेच बदलायचा.