काउंटी रत्नागिरी

आडनावाचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते घरपोच येतात. आमचं आडनाव काणे. इंग्रजीत के, ए, एन, ई. अमेरिकेत पाय ठेवला त्याच दिवशी त्याचं 'केन' झालं, आणि केन हे इथे पक्कं आयरिश आडनाव! मार्च महिन्यात आयरिश लोकांचा सण आला की ऑफिसात कुणीतरी माझ्या टेबलावर हिरवा केक ठेवायचं. मी खायचो. अन्नाला नाही कशाला म्हणा!

रिटायर झालो आणि वेस्ट विंडसरच्या घरी एक पत्रक आलं. दर शनिवारी लायब्ररीत केन मंडळी जमतात, जुन्या जनगणनांतून पूर्वज शोधतात, तुम्हीही या. आमची बायको नीला म्हणाली, "जा की. घरी बसून माझं डोकं खाण्यापेक्षा आयरिश लोकांचं खा."

*

गेलो. दारातच मॉरीन केन भेटल्या. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, जन्मभर शाळेत शिकवलेल्या, म्हणून आमच्या घरात त्या मॉरीनबाई झाल्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि जराही न गडबडता विचारलं, "कोणती काउंटी?"

आपण 'मूळचे कुठले' विचारतो ना, तसा हा आयरिश मंडळींचा पहिला प्रश्न.

"रत्नागिरी," मी म्हटलं.

"ते डेरीच्या जवळ का?"

"डेरी नाही हो, आंब्याच्या बागा आहेत!"

डेरी म्हणजे दुधाची डेअरी नव्हे, आयर्लंडमधला केन लोकांचा मूळ मुलूख, हे मला नंतर कळलं. सगळे खो खो हसले. टॉम केन नावाचे एक गृहस्थ तेवढे हसले नाहीत.

*

मॉरीनबाईंचं शोधणं हौसेचं नव्हतं. नवरा केला नाही, भाऊ वारला, मागे कुणी नाही. एकदा कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, "चर्चमध्ये अंत्यविधीला पहिली रांग फॅमिलीची असते. माझ्या वेळी ती रिकामी राहणार. माझ्या आजोबांच्या भावंडांपैकी कुणाचा तरी एक वंशज सापडला, तरी पुरे."

पण सापडणार कसा? जनगणनेचा माणूस दारात उभा राहायचा आणि कानावर पडेल तसं लिहायचा. एकाच घरातला एक भाऊ केन, दुसरा कीन, तिसरा थेट बायबलातल्या, भावाला मारणाऱ्या केनच्या स्पेलिंगचा केन!

मी म्हटलं, "आमचंही तेच. खरं म्हणजे मी काणे."

त्या दिवसापासून त्यांनी 'ण' चा ध्यास घेतला. का-ने, का-डे, का-र्ने! मी म्हणायचो, राहू द्या, केन चालतं मला. "नाही," त्या म्हणाल्या, "कुणाला तरी उच्चारता आलं नाही म्हणून माझ्या माणसांचं नाव बिघडलं. तुमचं मी बिघडवणार नाही." दोन महिन्यांनी एका शनिवारी दारातून स्वच्छ हाक आली, "काणे!" मला एकदम शाळेतली हजेरी आठवली.

*

एकदा नीला मला न्यायला आली, तेव्हा स्क्रीनवर कुणा ब्रिजेट केनची जुनी नोंद उघडी होती. त्या काळी बायांना विचारत, मुलं किती झाली आणि हयात किती. ब्रिजेटच्या ओळीत लिहिलं होतं, झाली नऊ, हयात दोन.

नीलाने विचारलं, "मधली सात कुठे लिहितात?"

मॉरीनबाईंनी चष्मा काढून पुसला. "कुठेच नाही, डिअर," त्या म्हणाल्या.

*

लायब्ररीच्या भिंतीवर मॉरीनबाईंचा नकाशा होता. दर जनगणनेतल्या केन घरांना एकेक टाचणी. आधी न्यूयॉर्कच्या गोदीपाशी आणि पेनसिल्व्हेनियाच्या खाणींपाशी दाटी, मग पांगत पांगत पार पश्चिमेपर्यंत. त्यांच्या स्वतःच्या शाखेच्या टाचण्या मात्र कमी कमी होत शेवटी एकच उरली होती. त्यांची.

एका शनिवारी त्यांनी वेस्ट विंडसरवर माझी टाचणी टोचली. टॉम उखडले. "मॉरीन, हे बरोबर नाही. डेटा खराब होतो! ही इज नॉट वन ऑफ अस."

मला कानकोंडं झालं. वाटलं, उठावं आणि जावं.

मॉरीनबाईंनी अगदी शाळेतल्या आवाजात विचारलं, "टॉम, उद्या जनगणनेचा माणूस यांच्या दारात गेला, तर आडनाव काय लिहील?"

"केन."

"मग बस खाली."

*

गेल्या हिवाळ्यात मॉरीनबाई गेल्या. वंशज शेवटपर्यंत सापडला नाही.

मी आणि नीला चर्चमध्ये गेलो. शेजारीपाजारी, जुने विद्यार्थी, लायब्ररीची मंडळी, बरीच माणसं होती. सगळी दुसऱ्या रांगेपासून मागे. पहिली रांग त्या म्हणाल्या होत्या तशीच, रिकामी. ती पाहिली आणि मला रडू आवरेना. आम्ही मागच्या बाकाकडे वळलो.

काळ्या सुटातला एक माणूस पुढे आला. हळू आवाजात त्याने विचारलं, "फॅमिली?"

"नाही, आम्ही आपले..." मी कसंबसं म्हणालो. तेवढ्यात माझ्या खांद्यावर मागून हात पडला. वळून पाहिलं तर टॉम.

"फॅमिली," टॉम त्या माणसाला म्हणाले. "काउंटी रत्नागिरी."