उताणा मासा आणि चमचा

माशांच्या टाकीवर मी ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली आहे : ‘हा मासा मेलेला नाही. तो उताणाच पोहतो.’ तरी काल घरी आले, तर कामाच्या सुमनबाई त्याला वाडग्यात घेऊन चमच्याने सरळ करत होत्या.

“चिठ्ठी वाचली नाहीत?”

“वाचली की. पण ताई, ती लिहिल्यानंतर मेला असला तर? दहा वेळा सरळ केला, पुन्हा उताणाच!”

“अहो, अशानं खरंच मरेल तो! आधी टाकीत सोडा.”

हा मासा आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या खोऱ्यातला. पानांच्या खालच्या बाजूचं खाणं टिपता यावं म्हणून उताणा पोहणारा. त्याचं पोटसुद्धा पाठीपेक्षा काळं. ज्याचं इतकं नीट जमलेलं आहे, त्यालाही लोक सुधारायला जातात, याचा मला मनस्वी वैताग येतो.

टाकीत सुटताच मासा गिरकी घेऊन उताणा झाला आणि पानाखाली शिरला. सुमनबाई हात पुसून ओट्याकडे वळल्या. मी भिंतीवर लावलेल्या त्यांच्या कामांच्या यादीत ओटा सर्वांत शेवटी आहे, हे मी त्यांना रोज सांगते.

“सुमनबाई, आधी केर...”

त्यांनी मासा सरळ करायचा तो चमचा माझ्या हातात दिला.