घरचा तुकडा

"अहो, ढक्कन कशाला काढता? बाहेरून विचारा की!"

स्वयंपाकघरात कुणी भाताच्या पातेल्याला हात लावला, की ताईंचा तळवा आधी झाकणावर येऊन बसायचा. मग त्या मान तिरकी करून ऐकायच्या, वाफेचा वास घ्यायच्या आणि सांगायच्या, "अजून जरा." भात कधी कच्चा निघाला नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, स्वतःच्या अंदाजावर बिनधास्त विसंबणारी. फरक इतकाच, की ताईंना या अंदाजाचा पगार मिळायचा.

त्या आमच्या खत कारखान्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. मी नागपूरहून नोकरीसाठी काशीत आलेला, रामघाटावर त्यांच्याच गल्लीत भाड्याने राहणारा. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या वैदिकांचं. वडील मुलांना संहिता शिकवत. धाकटी बहीण शकूताई त्या मुलांचा स्वयंपाक करी. दोघी बहिणींनी लग्न केलं नाही. एक सकाळी कारखान्याच्या बसला धावायची, दुसरी चुलीपाशी बसायची.

ताईंचं काम नळांच्या पोटातली झीज ओळखण्याचं. नळ आतून किती गंजला, हे पाहायचं तर तो उघडावा लागतो, आणि उघडायचा तर कारखाना बंद. ताईंनी दुसरी वाट आणली. नळ ज्या धातूचा, त्याच धातूची एक छोटी चकती दूरच्या प्रयोगशाळेतून किंचित किरणोत्सारी करून आणायची आणि नळाच्या वळणावर पाण्याला लागेल अशी आतून बसवायची. तिचे किरण नळातून बाहेर येतात, ते बाहेर यंत्राने मोजायचे. पाण्याने चकती खाल्ली, की आकडा उतरतो. नळाला कळतही नाही की आपली नाडी कुणी पाहतंय.

गल्लीत मात्र याची फार चर्चा. "ते किरण आधी लोखंड खातील, मग हिला," असं एक शेजारी वडिलांना सांगून गेले. वडील घाबरले. ताईंनी छातीवर लावायचा किरण मोजणारा बिल्ला त्यांना दाखवला आणि म्हणाल्या, "बाबा, दर महिन्याला हा तपासून येतो. तुमच्या होमाच्या धुराने मला जास्त खोकला होतो." बाबा दोन दिवस रुसले, पण पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

एकदा पेरणीच्या तोंडावर, खताला सगळ्यात जास्त मागणी असताना, नवे मॅनेजर कागद फडकवत आले. वळणावरचा आकडा काही महिन्यांत पार निम्म्यावर आला होता. नळातून कढत, रसायनमिश्रित पाणी जायचं आणि बरोबर त्याच्या खाली रामधनी फिटरची उभं राहायची जागा. नळ फुटला असता तर तो भाजून निघाला असता.

"दीदी, पाइप आधा खा गया! प्लांट बंद करना पड़ेगा."

ताईंनी कपाटातून शिशाची डबी काढली. चकतीसोबत त्याच दिवशी, तशीच तयार केलेली तिची जोडीदारीण त्या डबीत असायची. तिने नळ कधी पाहिलाच नव्हता. ताई तिला 'घरचा तुकडा' म्हणत. तो यंत्रापुढे ठेवला. त्याचाही आकडा जवळजवळ निम्मा.

मॅनेजर चकित. "ये तो अलमारी में था. इसे किसने खाया?"

"किसी ने नहीं. ये अपने आप घटता है, बैठे-बैठे भी. पहले उमर घटाइए, फिर पानी को दोष दीजिए."

वय वजा केल्यावर, म्हणजे घरच्या तुकड्याची आपोआप झालेली घट बाद केल्यावर, झीज उरली ती थोडी. ताईंनी सांगितलं, दिवाळीनंतर कारखाना ठरल्याप्रमाणे बंद होईल तेव्हा वळण बदला, तोवर चालेल. मॅनेजरांना पटायला वेळ लागला. पण ताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या थेट रामधनीपाशी गेल्या. नळाखाली त्याला उभं राहायचं होतं, तेव्हा त्याला कळलंच पाहिजे, हा त्यांचा हिशेब. दोन्ही आकडे त्याला दाखवले, समजावले.

त्याने कागदाकडे कमी आणि त्यांच्या तोंडाकडे जास्त पाहिलं. "आप कह दिहलीं दीदी, त बस."

तो पावसाळा ताई रोज जेवणाच्या सुट्टीत त्या वळणापाशी जाऊन यंत्र लावायच्या आणि रामधनीशी चार शब्द बोलून यायच्या. दिवाळीनंतर नळ कापला, तेव्हा भिंत त्यांनी सांगितली होती तेवढीच जाड निघाली. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. ताई म्हणाल्या, "उगीच उघडला. मी सांगितलं होतंच की." आणि लगेच हसल्या.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी हृदयाने दगा दिला आणि ताई गेल्या. अंत्यसंस्काराला मणिकर्णिका घाटावर म्हातारा रामधनी आला होता. सगळं आटपेपर्यंत तो पायरीवर उभा राहिला.

तेराव्याला घरी माणसं जमली होती. एक पाहुणे सुस्कारा टाकून म्हणाले, "शेवटी त्या किरणांनीच खाल्लं हो तिला."

मी तोंड उघडणार, तोच शकूताई आतून आल्या. आयुष्यात कधी कारखान्याच्या फाटकापर्यंत न गेलेल्या शकूताई.

"आम्ही दोघी एकाच घरातल्या, एकाच पाण्यावर वाढलो. ती कारखान्यात गेली, मी घरी राहिले. आता माझ्याकडे बघा. दात गेले, गुडघे गेले, घाटाच्या चार पायऱ्या चढले की छातीत धडधडतं. डॉक्टरने मला तीच गोळी दिलीय, जी तिला दिली होती. मला कुठल्या किरणांनी खाल्लं? आधी वय वजा करा, मग बोला."

पाहुणे चपला शोधू लागले. माझे डोळे भरून आले.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "शकूताई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"रोज जेवताना सांगायची. घरचा तुकडा मीच ना रे." त्यांनी पदर सारखा केला. "पण जोडीचा गेला. आता मी किती झिजले, ते कुणाशी ताडून बघायचं?"

गॅसवर चहाचं पातेलं झाकलेलं होतं. शकूताईंनी मान तिरकी करून ऐकलं, आणि झाकण न काढताच गॅस बंद केला.