आप्पांचा करदोडा आणि दोन यंत्रं

माझं संशोधन काय आहे, हे मी आमच्या गावात, कोरीटमध्ये, सहा-सात प्रकारे सांगून पाहिलं. शेवटी रानडुकराचं उदाहरण चाललं. डुक्कर मक्यात शिरलं की एकाने त्याचा आवाज ऐकलेला असतो. ते कधी आलं हे तो सांगतो, कुठून आलं ते त्याला माहीत नसतं. दुसऱ्याने सकाळी पावलं पाहिलेली असतात. त्याला जागा कळते, वेळ कळत नाही. तारांची टोपी घालून मेंदूतली वीज टिपणारा ईईजी हा पहिला माणूस, आणि चुंबकाच्या नळीत झोपवून मेंदूत रक्त कुठं धावलं ते दाखवणारा एमआरआय हा दुसरा. मी या दोघांना एकाच वेळी एकाच डोक्यावर बसवते.

“म्हंजे मन्हा डोकामा डुक्कर शे?” आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी विचारलं, आणि चर्चा संपली.

या दोन यंत्रांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. एमआरआयचा धडधडाट सुरू झाला की टोपीतून येणाऱ्या रेषा थयथयाट करतात. माणूस हलला तर विचारूच नका. नुसता हृदयाचा ठोका पडला तरी डोकं केसभर हलतं आणि तो धक्का रेषेत उतरतो. वर्षभर मी त्या ठोक्यांना शिव्या घालत होते.

माझ्या मार्गदर्शक सरांना शहरातल्या कॉलेजची पोरं हवी होती. सगळ्या जगाचा मेंदू म्हणजे होस्टेलमधल्या पोरांचा मेंदू, हे मला कधी पटलं नाही. मी भांडभांड भांडले आणि माझ्या गावच्या शेतकऱ्यांवर अभ्यास करायची परवानगी मिळवली. नंदुरबारातलं एक स्कॅन सेंटर रविवारी सकाळी भाड्याने घेतलं. पण आमच्या लोकांना स्वस्थ पडणं कुठं माहीत? एक काका माईकवरच्या प्रत्येक सूचनेला आदराने मान डोलवायचे. दुसऱ्यांनी चुंबकाच्या आवाजावर पायाने ताल धरला. तिसऱ्यांना नाकावर माशी बसल्याचा भास झाला. सगळ्या नोंदी कचऱ्यात गेल्या. सर म्हणाले, या रविवारी एक तरी स्वच्छ नोंद मिळव, नाहीतर नंदुरबार बंद. आणि त्या रविवारी तयार होते ते फक्त आप्पा, जे जेवतानासुद्धा तीनदा उठतात.

तीन दिवस डोक्याला तेल न लावता ते आले, सोबत धाकटे काका. चुंबकात चालणारी खास टोपी चढली, केसांत जेल भरलं. आप्पांनी आरशात पाहून “हळद लागनी” असं जाहीर केलं. मग टेक्निशियनने कमरेची चांदी काढायला सांगितली.

आप्पांच्या कमरेला चांदीचा करदोडा आहे. आमच्याकडे पुरुषाचा करदोडा एकदाच निघतो, तो गेल्यावर. आजोबांचा काढलेला मी पाहिला आहे.

“करदोडा निंघना म्हंजे मानूस गया,” आप्पा म्हणाले. “मी तं जित्ता शे.”

टेक्निशियन म्हणाला, “काका, आत धातू चालत नाही.”

“मंग तुम्हनं यंत्र बदला.”

मी नियम सांगितले, चटका बसू शकतो म्हणाले, थोडं रडायच्या बेतातही आले. सेंटरचं घड्याळ माझ्या डोळ्यांदेखत पळत होतं. तेव्हा काकांनी शांतपणे निकाल दिला, “भाऊ, अर्धा तास मरी जा. आम्ही आठेच शेतस.”

आप्पांनी विचार केला. त्यांना ते पटलं, याचं मला आजही नवल वाटतं. पाठ फिरवून त्यांनी करदोडा काढला, काकांच्या रुमालात ठेवला आणि सरळ जाऊन नळीत पडले. काका म्हटल्याप्रमाणे तिथेच, दाराबाहेर रुमाल मांडीवर घेऊन बसले. टेक्निशियनने चहा मागवला तर म्हणाले, “तो उठाना पहिले चहा नही.”

स्कॅन सुरू झाला. आप्पा हलले नाहीत. मान नाही, पाय नाही, बोट नाही. पहिली दहा मिनिटं मी आनंदाने वेडी झाले होते. मग मला ते आवडेनासं झालं. काचेपलीकडे पायांचे दोन तळवे दिसत होते, अगदी सरळ, बोटं वर करून. मी माईकवर विचारलं, “आप्पा, बरं शे ना?” उत्तर नाही. अडचण आली तर दाबायला हातात फुगा दिला होता, तोही दाबला नाही. टेक्निशियन मस्त जांभई देत होता. दोन फेऱ्यांच्या मध्ये चुंबक गप्प झालं तेव्हा मी टोपीच्या रेषांवर अक्षरशः झडप घातली आणि शोधत बसले तो नकोसा धक्का. तो होता. मग पुन्हा होता. एक ठोका, दुसरा ठोका. मी ते मोजत बसले आणि बाकीचं काम विसरले.

बाहेर आल्यावर आप्पा एक शब्द बोलेनात. आधी रुमाल मागितला, भिंतीकडे तोंड करून करदोडा बांधला, मग म्हणाले, “मरेल मानूस बोलत नही.” काकांनी चहा सांगितला.

स्कॅननंतर एक फॉर्म भरायचा असतो. पडून असताना मनात काय आलं? पर्याय छापलेले: काही नाही, रोजची कामं, शरीराचा त्रास, इतर. मी पेन घेऊन विचारलं. आप्पा जेल पुसत सहज म्हणाले, “तुन्ही मायले धुंडं. इतला येळ मरेल व्हतू, पन कोठेच भेटनी नही.”

आई जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी तिचं नाव घेतलेलं मी त्यानंतर ऐकलं नव्हतं. मी बराच वेळ टोपीच्या तारा सोडवत राहिले.

संध्याकाळी सरांचा फोन आला. इतकी स्वच्छ नोंद प्रयोगशाळेत कुणाचीच नव्हती. नंदुरबार चालू राहणार होतं. हा माणूस कोण, पुढच्या रविवारी याला परत झोपवता येईल का, त्यांनी विचारलं.

“नाही सर,” मी म्हणाले. “त्यांना परत नाही.”