सुभेदारांच्या लेखातले चार तास

“अक्का, का थांबलासा?” सुभेदारांनी विचारलं.

मी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले होते. शाहूपुरीत माझं डीटीपीचं दुकान आहे. म्हणजे लोकांनी हातानं लिहून आणलेलं कॉम्प्युटरवर टाइप करायचं आणि छपाईला तयार करून द्यायचं. हे मी कुठं शिकले नाही, बघून बघून आलं. तीस वर्षं झाली. आता पाठ धरते, डोळ्यांतनं पाणी येतं, आणि लोकांची अक्षरं काही सुधारली नाहीत.

काम माजी सैनिकांच्या परिसंवादाचं होतं. पुस्तिका छापून सगळ्यांना वाटायची होती. विषय जड. सुभेदार गडहिंग्लजकडचे, सैन्यात वायरलेसवर होते. त्यांचं म्हणणं, भूदल, नौदल, हवाईदल यांचे तीन वेगळे वरिष्ठ कशाला? एका भागातल्या तिन्ही दलांवर एकच अधिकारी पाहिजे. याला थिएटर कमांड म्हणतात, हे मला त्यांनीच समजावलं. आणि शत्रूची माहिती काढणारी गुप्तवार्ता यंत्रणा पण त्याच वर्दीवाल्याकडं द्या, असं ते म्हणत. विरुद्ध बाजूला इनामदारसाहेब. पोलिसांच्या गोपनीय शाखेतून रिटायर झालेले. ते म्हणत, गुप्तवार्ता वर्दीबाहेरच राहिली पाहिजे, निवडून आलेल्या सरकारला तिचा जाब विचारता आला पाहिजे.

दोघं रोज माझ्या दुकानात येऊन भांडायचे. चहा मी पाजायची.

तर सुभेदारांच्या लेखात एक प्रसंग होता. सरहद्दीवर त्यांचा जोडीदार, कोडोलीचा शंकर, जखमी झाला. हेलिकॉप्टर मागवलं. पण हेलिकॉप्टर दुसऱ्या दलाचं. निरोप इकडच्या वरिष्ठांकडं वर गेला, तिथून तिकडच्या वरिष्ठांकडं, मग खाली. त्यात चार तास गेले. शंकर तेवढा वेळ जिवंत होता.

शंकरची बायको सुमन माझं जुनं गिऱ्हाईक. मुलीच्या फीची सवलत, एसटीचा पास, घरपट्टी, तिचा प्रत्येक अर्ज मी टाइप केलाय. प्रत्येकात एक ओळ असायचीच, ‘माझे पती जागीच वीरमरण पावले.’

एकाचा कागद दुसऱ्याला सांगायचा नाही, हा दुकानाचा नियम. त्या दिवशी मी तो मोडला.

“सुभेदार, सुमनला हे ठाऊक न्हाय. परिसंवादाला ती पहिल्या रांगेत बसणार आणि पुस्तिका तिच्या हातात पडणार.”

सुभेदार खाली बघत म्हणाले, “मीच सांगितलंतं तिला, जागीच गेला म्हणून. वरनं तसंच सांगायला सांगितलंतं. आणि खरं सांगू का, मला पण तेच सोपं वाटलं.”

“मग काढू हा भाग?”

“काढून कसं चालंल? माझा सगळा मुद्दा त्यावर उभा हाय की!”

इनामदारसाहेब खुर्ची ओढून पुढं आले. “काढूच नका. उलट हा माझा मुद्दा आहे. आतल्यांनी झाकलं, बाहेरच्या कुणाला विचारता आलं नाही, म्हणून इतकी वर्षं झाकलेलं राहिलं. मी पण माझ्या लेखात घेतो.”

“तुमचा मुद्दा कसा? माणूस आमचा!”

“आणि खोटं कुणाचं?”

मला शीण आला. एका मेलेल्या माणसाला दोघं दोन बाजूंनी ओढत होते.

“भांडण बाहेर जाऊन करा,” मी म्हणाले. “सुमननं वाचल्याशिवाय छपाईला काही देणार न्हाय. दुसरीकडं टाइप करून घ्यायचं तर घ्या.”

“अक्का, आता तुम्ही हुकूम सोडणार व्हय आमच्यावर?”

“कुणीतरी सोडाय पाहिजे की.”

दोन दिवसांनी सुभेदारांनीच तिला कोडोलीहून आणलं. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासायचा कागद, मी तिच्या हातात दिला. तिनं तो सावकाश वाचला. परत वाचला. सुभेदार दारात उभे होते, आत येईनात.

“भाऊजी, बोलत होते का ते?”

“व्हय वैनी. पाणी मागितलं. गाय व्याली का म्हणून विचारलं.”

“व्यालती. पत्र टाकलंतं मी.” मग तिचा आवाज चढला. “एवढी वर्षं तुम्ही दिवाळीला येतासा, माझ्या हातचं जेवतासा, आणि एवढं सांगायचं झालं न्हाय तुमच्यानं? चार तासांतलं एक वाक्य तरी माझं होतं की!”

सुभेदार आत आले. इनामदारसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

“छापा,” सुमन म्हणाली. “पण जागीच गेला असं मला कुणी सांगितलं, ते पण छापा. नावासकट.”

सुभेदारांनी माझ्याकडून पेन घेतलं. लिहिलं, पण अक्षर मला लागेना. मी दोनदा विचारून टाइप केलं, ‘तो जागीच गेला असं त्याच्या पत्नीला मी सांगितलं. ते खोटं होतं.’ खाली त्यांचं पूर्ण नाव.

परिसंवादात सुभेदारांनी ते स्वतः वाचलं. मग वाद सुरू झाला. तिन्ही दलं एकत्र करावीत का, गुप्तवार्ता कुणाच्या हाताखाली, तासभर चाललं. शेवटी सूत्रसंचालकानं विचारलं, कुणाला प्रश्न? सुमन उठली.

“तुमचा साहेब एक करा न्हायतर तीन करा. घरी सांगायला येणाऱ्या माणसानं खरं सांगितलं का, हे कोण बघणार?”

सुभेदारांनी माईक इनामदारसाहेबांकडं सरकवला, त्यांनी तो सूत्रसंचालकाकडं. सूत्रसंचालकानं आभार मानून टाकले.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. मजकुरात कुणाच्या घरचं काही असलं, तर त्या घरी दाखवलंय का, एवढं विचारते. दोन गिऱ्हाईकं त्यावरून चिडून दुसऱ्या दुकानात गेली. जाऊ देत. तेवढंच टायपिंग कमी.